कापलेल्या वाक्याखाली टिंबं

४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

फोनवर तुम्हाला माझं बोलणं म्हणजे नुसती घरघर ऐकू येते आणि कानाचं यंत्र तुम्ही डब्यात घालून ठेवता, तेव्हा आता पत्रच. सोबत कागदांचा गठ्ठा आहे. वाचायचाय, पण तुमच्या पद्धतीने, नाकावर चष्मा आणि हातात लाल पेन घेऊन. समास मुद्दाम रुंद सोडलाय.

काय आहे ते सांगते. हॉस्पिटलात डॉक्टर आणि नर्स प्रत्येक रुग्णाबद्दल रोज काहीबाही लिहून ठेवतात. ताप किती, काय खाल्लं, कुठे दुखतंय. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठत जातात आणि डॉक्टरला हवी ती वेळेवर सापडत नाही. आता त्या शोधायला एआयचा मदतनीस आलाय, आम्ही त्याला एजंट म्हणतो. डॉक्टरने विचारायचं, 'या बाईंना पूर्वी कधी चक्कर आली होती का?' की हा नोंदी धुंडाळून उत्तर देणार. पण त्याला आपणहून कपाट उघडता येत नाही. त्यासाठी आमच्या कंपनीने टूल्स बनवलीयत. एक नोंदींची यादी देतं, एक सबंध नोंद उघडून देतं, एक नोंदींमधले शब्द शोधतं. कुठलं टूल कधी वापरायचं, त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे लिहिणं माझं काम. ते वाचूनच एजंट ठरवतो की कशाला हात घालायचा. म्हणजे माझा पहिला वाचक माणूसच नाही. एक शब्द ढिला पडला की तो भलतंच काहीतरी उचलतो.

परवा तसंच झालं. चाचणीसाठी बनवलेल्या नमुना नोंदींवर त्याला विचारलं, 'रुग्णाने छातीत दुखतंय असं सांगितलं होतं का?' त्याने फक्त डॉक्टरांच्या नोंदी बघितल्या, तिथे काही नव्हतं, आणि बिनदिक्कत ठोकून दिलं, 'नाही, सांगितलं नव्हतं.' नर्सच्या नोंदीत ते चांगलं दोन ओळी लिहिलेलं होतं. म्हणून मी शोधायच्या टूलच्या वर्णनात शेवटी एक वाक्य घातलंय: 'नोंद सापडली नाही, याचा अर्थ तसं घडलं नाही, असा घेऊ नये.' कसं वाटतंय बघा.

वेळेवर जेवता ना? आई गेल्याला वर्ष होत आलं, आणि तेव्हापासून तुमच्या पत्रांत माझ्या चुकांशिवाय काही नसतं. थोडं तुमचंही लिहा.

तुमची
खारू


१३ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर, तेवढीच जागा वाचते.

छापखाना सुटून इतकी वर्षं झाली तरी छापलेला कागद दिसला की माझा हात शिवशिवतो, हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून हा गठ्ठा. वाचला. माणसाने वाचायचं नाही अशा मजकुरावर मी आयुष्यात पहिल्यांदा लाल पेन चालवलं. तसं आमच्या छापखान्यातली निम्मी पुस्तकंही कुणी वाचायचं नाही, पण निदान तशी लेखकाची इच्छा तरी नसायची.

खुणा केल्यात. 'प्राप्त करून घेण्यात येते' असं लिहू नकोस, 'मिळते' लिही. मदतनीस यंत्र असला म्हणून त्याने सरकारी भाषा का सोसावी? दुसऱ्या पानावर तेच टूल तीन नावांनी हिंडतंय, त्याला एक नाव दे. आणि ते शेवटचं वाक्य कापलंय. 'नोंद सापडली नाही, याचा अर्थ' वगैरे. पाल्हाळ आहे. नोंद नाही तर नाही, संपलं. शहाण्याला ते सांगावं लागत नाही. तुला ठेवायचंच असेल तर कापलेल्या शब्दांखाली टिंबं दे, म्हणजे 'हे राहू द्या' असा अर्थ होतो. विसरली नसशील. लहानपणी माझ्या मांडीवर बसून दिसेल त्या प्रुफाला टिंबं देत सुटायचीस आणि मालकांची बोलणी मला खावी लागायची.

माझं म्हणशील तर चाललंय. घर खायला उठतं, पण घराचा त्यात काय दोष. पेपर अजून येतो. शब्दकोड्याचं पान मी घडी करून तुझ्या आईच्या खुर्चीवर ठेवतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती पेन दातात धरून बसायची आणि अडली की मान वर न करता हाक मारायची, 'अहो, चार अक्षरी.' मी शब्द सुचवायचा आणि तिने तो मोडीत काढायचा, असा आमचा संसार झाला.

एक विचारू का? तुझं ते यंत्र हिचे कागद काढून देईल? शेवटचा आठवडा ती तिथे एकटी होती. मी इथे तापाने फणफणलेला, मला वॉर्डात पाऊल टाकू देईनात. तू येऊन पोचलीस तोवर सगळं आटपलेलं. पण तिच्या आजूबाजूला जे होते, त्यांनी काहीतरी लिहून ठेवलं असेलच ना? मला फार नको. तिने माझी आठवण काढली का, एवढंच बघायचंय.

तुझे
बाबा


२२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुमचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि परत वाचला. वर्षभरात तुम्ही हे एकदाही बोलला नव्हतात. मला वाटायचं की हा प्रश्न फक्त माझ्याच डोक्यात घोळतो.

नाही बाबा, मला आईचे कागद काढता येणार नाहीत. मला खऱ्या रुग्णाची एकही नोंद दिसत नाही आणि दिसायलाही नको. ज्याच्यावर उपचार चाललेत त्याच्याच डॉक्टरला ती उघडता येते, आणि कुणी उघडली तेही लिहिलं जातं. मी दुसऱ्या खोलीत बसून कुलपाची माहिती लिहिते, किल्ली माझ्याकडे नसते. तुम्ही मात्र पती म्हणून हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करू शकता. पण खरं सांगू? नका करू. ताप, नाडी, सलाइन असलंच काहीतरी असेल आणि तुम्ही परत आजारी पडाल.

तुमच्या खुणांप्रमाणे सगळं केलं. ते वाक्यही काढायचं ठरलं. आमच्या गटप्रमुख बाई म्हणाल्या, तुझे वडील बरोबर बोलतात, फार लांबतंय. मी वाद घातला नाही.

आता उदाहरणं लिहायला घेतलीत. त्यासाठी एक नमुन्याचा रुग्ण रचावा लागतो, म्हणजे कुणा खऱ्याची माहिती चुकून बाहेर जात नाही. लिहून झालं की पाठवते.

इथे समोरच्या इमारतीत एक बाई रोज सकाळी गॅलरीत येऊन सतरंजी झटकते. पाठमोरी अगदी आईसारखी दिसते. मी चहाचा कप घेऊन तिची वाट बघत उभी राहते, आणि ती वळली की मला तिचा राग येतो. बिचारीचा काय अपराध.

तुमची
खारू


८ मार्च

प्रिय बाबा,

घाईत आहे, मजकूर द्यायची तारीख डोक्यावर बसलीय. उदाहरणांचं पान सोबत जोडलंय. तेवढं बघून पाठवा.

खारू

(सोबतचं पान)

'नमुना रुग्ण. स्त्री, वय अडुसष्ट. खाट खिडकीजवळ.
एजंटला विचारलेला प्रश्न: रुग्णाचा कालचा दिवस कसा गेला?
टूलने आणलेली नर्सची नोंद: सकाळी चहा घेतला, दूध नको म्हणाल्या. खिडकीचा पडदा अर्धा उघडा ठेवायला सांगितला. दुपारी थोडा भात खाल्ला. घरी यजमान जेवले का, असं दोनदा विचारलं. संध्याकाळी शांत झोप.'


१६ मार्च

चि. खारू,

पान मिळालं. कळलं मला.

उगाच शब्द वाढवत नाही. तुला उघड लिहिता येत नव्हतं, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून तू ते 'नमुना' म्हणून पाठवलंस. मी कुणापाशी अवाक्षर काढणार नाही. शेजारच्या काकूंनाही नाही, आणि त्यांच्यापासून लपवणं किती अवघड असतं ते तुला माहीत आहे. कुणी विचारलंच तर नमुन्याचा रुग्ण म्हणेन. पण बिनदुधाचा चहा पिणारी आणि पडदा अर्धाच उघडा हवा म्हणून हटून बसणारी बाई मी ओळखणार नाही होय?

दोनदा विचारलं तिने. खारू, त्या दिवसांत मी खरंच जेवत नव्हतो. काकू डबा आणून ठेवायच्या आणि तो तसाच परत जायचा. आणि ती तिकडे, नाकात नळी असताना, विचारत होती.

वर्षभर मला एकच वाटत होतं. वॉर्डाचं दार उघडलं की ती बघत असेल, मी नाही असं दिसल्यावर परत भिंतीकडे तोंड करत असेल, आणि शेवटी माझ्यावर रागावून गेली असेल. आता तसं वाटत नाही. काल मी भात लावला, वरण केलं, तुपाची धार सोडली आणि पोटभर जेवलो. जेवून झाल्यावर तिला मोठ्याने सांगितलं.

पानावर एकही खूण केलेली नाही. लाल पेनचं टोपणसुद्धा काढलं नाही.

तुझे
बाबा


२ एप्रिल

चि. खारू,

तुझं पत्र नाही. आधी वाटलं, कामात असशील. आता मात्र जीव टांगणीला लागलाय. ते पान पाठवलंस म्हणून तुझ्यावर काही बालंट तर नाही ना आलं? तसं असेल तर मी तुझ्या बाईंना लिहितो की म्हाताऱ्याच्या हट्टापायी पोरीने केलं.

दुसरं असं की मी हॉस्पिटलात अर्ज दिला. तुझं नाव कुठेही घेतलं नाही. रेकॉर्ड विभागातल्या बाई भल्या आहेत. कानाचं यंत्र लावून गेलो होतो, तरी त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. म्हणाल्या, बारा तारखेला या, फाइल काढून ठेवते, इथेच बसून वाचा. त्या वॉर्डात नर्स अजून हाताने लिहितात म्हणे. मला बाकी काही वाचायचं नाही. ते एक वाक्य त्या नर्सच्या अक्षरात बघायचंय, त्याच्यावर बोट ठेवायचंय. जमलं तर तिला भेटून दोन शब्द बोलायचेत.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. तुझ्या आईला भेटायला निघाल्यासारखं झालंय मला.

तुझे
बाबा


७ एप्रिल

प्रिय बाबा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं आणि मी उभ्याउभ्याच हे लिहायला घेतलं. बारा तारखेच्या आत पोचू दे. काकूंना फोन करून निरोप देता आला असता, पण हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळावं असं मला वाटत नाही.

बाबा, ते वाक्य फाइलमध्ये नाही. मी आईचे कागद बघितलेले नाहीत. ती नोंद मी रचली.

तुम्हाला फसवायला नव्हे. नमुन्याचा रुग्ण लिहायला बसले होते. बाकीचे लोक दोन मिनिटांत लिहून मोकळे होतात. मी 'स्त्री' लिहिलं, वय लिहिलं, आणि बोटांना आईचंच वय सुचलं. मग थांबवलं नाही मी. तिला खिडकीजवळची खाट दिली. बिनदुधाचा चहा दिला. तिथे माझ्या हातात होतं ना सगळं. तिने तुमची चौकशी केली असती, असं मला वाटलं, आणि मी तिला ती करू दिली. तुम्ही वाचाल तेव्हा आईची थोडी आठवण येईल, जरा हसाल, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही ते खरं धराल असं स्वप्नातही आलं नाही.

तुमचं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. कितीदा कागद घेतला. पण तुम्ही भात लावला होतात. वर्षानंतर तुम्ही पोटभर जेवला होतात, आणि ते जेवण मी तोंडातून काढून घ्यायचं? मला धीर झाला नाही. मनात म्हटलं, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय. तुम्ही तिथपर्यंत चालत जाल, हे मात्र सुचलं नाही.

नका जाऊ बाबा. किंवा मी येईपर्यंत थांबा. महिनाअखेर सुट्टी मागितलीय, दोघं मिळून जाऊ.

सोबत शेवटचं प्रूफ आहे. आमच्याकडे काढलेला मजकूर शेवटच्या प्रुफात लाल रेघ मारून दाखवतात, म्हणजे खात्री करून मग गाळता येतो. त्यात दोन वाक्यं कापलेली दिसतील. एक 'घरी यजमान जेवले का' हे, ते मी आज कापलं. दुसरं तुम्ही कापलेलं, शोधायच्या टूलखालचं. बघायचं नसेल तर बघू नका. रागावलात तरी पत्र मात्र पाठवा.

तुमची
खारू


१६ एप्रिल

चि. खारू,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी हॉस्पिटलातून परत आलो होतो. इस्त्रीचा शर्ट अंगावर होता. दारातच काकूंनी पाकीट हातात दिलं.

तेव्हा आधी तिथलं सांगतो. रेकॉर्ड विभागात खिडकीशी एक टेबल आहे, तिथे बसवलं. त्या बाईंनी पाणी आणून दिलं. फाइल मी आधी शब्द शोधत वाचली, मग ओळ न् ओळ वाचली, आणि मग प्रूफ वाचतो तशी पट्टी ठेवून वाचली. चहा नाही. पडदा नाही. तिची खाट खिडकीजवळ नव्हतीच, दाराजवळ होती. ताप, नाडी, सलाइन, ओठ कोरडे, चमच्याने पाणी दिलं. सबंध फाइलमध्ये मी एकदाच आहे, पहिल्या पानावर, 'पती, घरी आजारी'. तेही काकूंनी भरती करताना सांगितलेलं. मला वाटलं, मीच नीट वाचत नाहीये. उभा जन्म दुसऱ्याच्या गाळलेल्या ओळी शोधण्यात गेला आणि माझी एक सापडू नये? शेवटी त्या बाईंनी हळूच फाइल मिटली आणि मला रिक्षात बसवून दिलं.

मग तुझं पत्र वाचलं. रागावलो. खोटं कशाला सांगू, फार रागावलो. तुझं पत्र तिच्या खुर्चीवरच्या कोड्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून टाकलं. दोन दिवस भात लावला नाही. तुझ्यापेक्षा स्वतःचा राग जास्त आला. तू स्पष्ट लिहिलं होतंस, किल्ली माझ्याकडे नाही, नमुना रचावा लागतो. सगळं पांढऱ्यावर काळं होतं. मला ते वाचायचं नव्हतं, म्हणून मी वाचलं नाही. चाळीस वर्षं हेच केलं असतं तर मालकांनी पहिल्याच महिन्यात हाकललं असतं.

पण एक तुला सांगायचं राहिलं. फाइलमध्ये एका दुपारची अर्धी ओळ आहे. 'रुग्णाने पेन मागितलं, दिलं.' बस, एवढंच. पुढे परत ताप. तिथे असताना मी ती ओळ ओलांडून गेलो, कारण मी स्वतःला शोधत होतो. काल संध्याकाळी पेपर घडी करताना ती आठवली. पेन तिला कशाला लागणार? कुठूनतरी पेपर मिळवला असणार बयेने. ते आजारपण, त्या नळ्या, आणि ही कोडं घेऊन बसली.

आणि खारू, ती अडली असणार. रोज अडायची. अडल्यावर तिने काय केलं असेल ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. दाराजवळच्या त्या खाटेवर, मान वर न करता. ते कोण लिहून ठेवणार? तो ताप नाही, दुखणं नाही. नर्सच्या कानावर पडलं असेल तरी तिला वाटलं असेल, आपल्याशी नाही बोलत.

नसेलही तसं झालं. पेन घेऊन तिला झोपही लागली असेल. मला कळायचा मार्ग नाही आणि आता मी तो शोधणार नाही.

प्रूफ परत पाठवतोय. यजमान जेवले का, हे वाक्य कापलंस ते बरोबर केलंस, ते कापलेलंच राहू दे. तशीही ती विचारायची नाही, 'पातेलं झाकून ठेवलंय, घ्या' असं सांगायची. दुसरं वाक्य बघ. मी पाल्हाळ म्हणून उडवलेलं. त्याच्या प्रत्येक अक्षराखाली मी टिंबं दिली आहेत, वाकडीतिकडी आलीत, पण एकही सोडलेलं नाही. तुझ्या बाईंना सांग, वडील चुकले होते. हे वाक्य छापलंच पाहिजे.

तू महिनाअखेर येते आहेस, ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. खुर्चीवरचा कोड्यांचा गठ्ठा काल खाली उतरवला आणि वरचं पान घेऊन मी तिथे बसलो, तिचं पेन घेऊन. दोन शब्द जमले. तिसऱ्याला अडलो. आणि मान वर न करता मी म्हणालो, 'अगं, चार अक्षरी.'

घरात कुणी नव्हतं. याची नोंद कुठे होणार नाही, म्हणून तुला कळवलं.

तुझे
बाबा